पक्षी महोत्सव: वक्ते, चित्रकार आणि वेळापत्रक

प्रश्न: नांदूर मध्यमेश्वरला (नाशिक जिल्ह्यातलं पाणपक्ष्यांचं अभयारण्य) जानेवारीत गावपातळीवर पक्षी महोत्सव करतोय. दोन वक्ते, एक चित्रकार. कोणाला कधी ठेवावं?

उत्तर १: सकाळी व्याख्यान नकोच, वक्त्याला दुर्बिणीपाशी उभं करा. स्लाइड अंधार पडल्यावर, २५ मिनिटं पुरे. दिवसा मांडवात प्रोजेक्टर फिका पडतो. चक्रवाक बदकाचा नारिंगी रंग मातकट दिसतो. माइकला स्पंजची टोपी लावा, नाहीतर नुसता वारा ऐकू येईल.

उत्तर २: जलरंगाला ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो. मुलांना आधी वारकरी (कूट) हा पाणपक्षी काढायला द्या: काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, झाला पक्षी! टेबल सावलीत हवं; उन्हात रंग पसरण्याआधीच वाळतो.

उत्तर ३: मानधन, प्रवासखर्च आधीच लेखी कळवा. स्पीकरचं तोंड गावाकडे, पाण्याकडे नको, थवे उठतात.