फिकट ग्रे रंग भिंतीवर निळा दिसतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर आमचा जुना टू बीएचके आहे. दिवाळीआधी रंगकाम काढलंय. पिवळट क्रीम रंग वर्षानुवर्षं बघून कंटाळा आला, म्हणून हॉलला फिकट ग्रे ठरवला. शेड कार्डावर कसा शांत, साधा वाटला होता! पेंटरदादांनी प्रायमरवर दोन बाय दोन फुटांचा तुकडा दोन हात मारून दाखवला, तर तो चक्क आकाशी दिसतोय. सासूबाईंचं म्हणणं, "नुसता सिमेंटचा गिलावा ठेवला असता तर पैसे तरी वाचले असते."

हॉलला एकच खिडकी, तीही उत्तरेला. ऊन जवळजवळ येतच नाही, आणि उत्तरेचा उजेड मुळात निळसर. रात्री 6500 केल्विनची (केल्विन जितके जास्त, तितका उजेड निळसर) ट्यूब लावली की अजूनच निळं. काल बेडरूममधला 3000 केल्विनचा पिवळसर बल्ब आणून लावला, तर तोच तुकडा जवळजवळ मातकट दिसला. मी खुर्चीवर उभी राहून चार वेळा बल्ब बदलून पाहिला!

फरशी क्रीम व्हिट्रिफाइड आहे, दारं सागवानी. अशा खोलीत मातकट झाक असलेला ग्रे घ्यावा, की रंग हाच ठेवून दिवे 4000 केल्विनचे करावेत? उत्तरेच्या हॉलमध्ये कुणी ग्रे लावला असेल तर दिवसाचा आणि रात्रीचा, दोन्ही फोटो टाका ना. सोमवारी वीस लिटरची बादली टिंट करायची (दुकानात शेड मिसळून घ्यायची) आहे, आणि एकदा टिंट केलेला रंग दुकानदार परत घेत नाही.