रिव्हर्सो ट्रिब्यूट घालून पाहिले: मापाचा निर्णय कशावर करावा?

चावीवाला (प्रश्न)
गेल्या शनिवारी कॅम्पातील एका दालनात जेगर-लकूल्त्र या स्विस कंपनीचे रिव्हर्सो ट्रिब्यूट मोनोफेस हे उलटणाऱ्या डबीचे घड्याळ घालून पाहण्याचा योग आला. 1931 सालच्या मूळ घड्याळाची ठेवण घेऊन केलेली ही नवी आवृत्ती असली, तरी मूळ नगाची लांबी जेमतेम 38 मिमी होती आणि हा 45.6 मिमी लांब, 27.4 मिमी रुंद आहे. माझ्या मनगटाचा घेर 16 सेंमी. आजोबांची एचएमटी जनता वापरण्याची सवय झाल्यामुळे असेल, पण मान खाली घालून पाहिल्यावर मनगटावर फूटपट्टी ठेवल्यासारखे वाटले. समोरच्या आरशात मात्र तेच घड्याळ अगदी बेताचे दिसत होते. डबी सरकवून उलटी केली, ती जागेवर बसल्याचा बारीक आवाज आला आणि त्यानंतर माझी निम्मी चिकित्सा बंद पडली, हेही मान्य केले पाहिजे. डोळ्यांचे ऐकावे की आरशाचे? आणि मुळापेक्षा साडेसात मिमी लांब असलेल्या वस्तूला पुनरावृत्ती म्हणावे का?

मनगटमोजणी
आरशाचे ऐका. आपले घड्याळ आपण वीतभर अंतरावरून पाहतो, इतर सगळे दोन हातांवरून. शिवाय आकडाही चकवतो: गोल घड्याळाचे माप सांगताना पट्टा अडकवायचे कान धरत नाहीत, रिव्हर्सोच्या 45.6 मिमीमध्ये ते धरलेले आहेत. 38 मिमीचे गोल घड्याळ कानापासून कानापर्यंत मोजले, तर तेही बहुधा 46 च्या आसपास भरते. घरी मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी मोजा; ती 50 मिमी असेल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी मोकळे राहतात, आणि तेवढे पुरेसे आहे. दालनातील पट्टा नवा, कडक असतो. तो मनगटाला न बिलगता बाहेर फेकल्यासारखा राहतो आणि घड्याळ आहे त्याहून लांब भासते. पुढच्या वेळी एक भोक घट्ट लावून, पाच मिनिटे हात खाली सोडून उभे राहा.

शनिवारपेठी
पुनरावृत्ती म्हणावे की नाही, हे आधी ‘मूळ’ काय होते ते पाहून ठरवावे. कंपनी सांगते ती हकिकत अशी, की 1930-31 च्या हिवाळ्यात घड्याळांचे व्यापारी सेझार द त्रे हिंदुस्थानात असताना पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी घड्याळाची काच फुटण्याची तक्रार केली आणि त्यातून उलटणाऱ्या डबीची कल्पना निघाली. पेटंटचा अर्ज मात्र पॅरिसमध्ये 4 मार्च 1931 रोजी फ्रेंच अभियंते रेने-आल्फ्रेद शोव्हो यांनी केला. सुरुवातीच्या घड्याळांच्या तबकडीवर केवळ ‘रिव्हर्सो’ एवढेच नाव असे, कारण जेगर-लकूल्त्र हे जोडनाव 1937 साली आले. आतील यंत्रही आरंभी ताव्हान या दुसऱ्या कारखान्याचे होते. आजच्या नगात कंपनीचे स्वतःचे, चावीचे 822 यंत्र आहे आणि ते 42 तास चालते. म्हणजे यंत्राच्या बाबतीत नक्कल मुळापेक्षा अधिक घरची आहे. लांबीबद्दलची आपली कुरकूर तरीही मला रास्त वाटते. जुने नग ज्याने एकदा हातावर घेतले, त्याला ट्रिब्यूट किंचित मोठेच वाटणार. रिव्हर्सोच्याच क्लासिक मालिकेत 40.1 मिमी लांबीचे मध्यम माप मिळते. ते न घालता निर्णय करू नये.

जूनचा पाऊस
दोन व्यवहारी गोष्टी. पाणी न शिरण्याबद्दल यावर लिहिलेले 30 मीटर म्हणजे हात धुताना उडणारे शिंतोडे. जुलैत दुचाकीवरून सिंहगड रस्त्याने जाताना ते खिशात ठेवावे. दुसरे, 10 लाखांवरच्या घड्याळावर दुकानदार 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर, घेतो. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात तो वळता होतो, पण पैसे भरताना खिशात हवेत.

चावीवाला
सर्वांचे आभार. आज पुन्हा जाऊन आलो. मनगटाची सपाट रुंदी 51 मिमी भरली. मध्यम मापही घातले. ते मुळाच्या जवळचे आहे यात शंका नाही, परंतु त्याची तबकडी वाचण्यासाठी मला चष्मा लावावा लागला आणि ट्रिब्यूटची लागला नाही. पट्टा एक भोक घट्ट केल्यावर फूटपट्टी नाहीशी झाली. आता प्रश्न डबीच्या पाठीवर काय कोरावे एवढाच उरला आहे. आजोबांची आद्याक्षरे देवनागरीत कोरून मिळतील का, असे विचारले, तेव्हा विक्रेत्याने नमुना कागदावर लिहून मागितला आणि मी तो दुकानातच लिहून दिला.