मदत हवी आहे: 11 वर्षांच्या मुलाला डंबेल्स द्यावेत का?

मंडळी, जरा सल्ला हवाय.

लेक सहावीत आहे. परवा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघते तर महाशय आरशासमोर, मामाचं 5 किलोचं डंबेल घेऊन उभे. खांदा कानाला टेकलेला, पाठ मागे वाकलेली, चेहरा लालबुंद. डंबेल माळ्यावर टाकलं, तर आता दप्तर उचलतो, पुस्तकं ठासून भरून!

सासूबाईंचं एकच पालुपद, "उंची खुंटेल." मी वाचलं त्यात याला आधार सापडला नाही. नीट देखरेखीखाली व्यायाम केला तर वाढ थांबत नाही. भीती आहे ती चुकीच्या पद्धतीची आणि न झेपणाऱ्या वजनाची, कारण या वयात हाडांच्या टोकांजवळचा वाढीचा भाग नाजूक असतो. जागतिक आरोग्य संघटना तर 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल आणि आठवड्यातून 3 दिवस तरी स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम सांगते.

पण करायचा कुठे? आम्ही परळला. जवळच्या जिममध्ये विचारलं तर ट्रेनर म्हणाला, "पाठवा, महिन्यात बायसेप्स काढून देतो." 11 वर्षांच्या पोराचे! तशीच परत फिरले. वयात येण्याआधी ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूंचा मेळ बसल्यामुळे, दंड काही फुगत नाहीत. एवढं मला कळतं, त्याला नको कळायला?

शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवतात, ते मनात आहे. अगदी नवख्याला 11व्या वर्षी उशीर होतो का? आणि तोवर घरी काय करून घेऊ?

प्रतिसाद:
ताई, कसला उशीर! माझी मुलगी बाराव्या वर्षी दोरीच्या मल्लखांबाला लागली. सुरुवातीला हात सोलवटतात, रडारड होते, मग घरी थांबायला तयार नसतात. तोवर एक दिवसाआड बैठका, भिंतीला हात टेकून जोर, बेडूकउड्या (खालच्या मजल्यावरचे वर येईपर्यंत). 10-15 वेळा न वाकडंतिकडं होता जमलं की मगच पुढचं. जास्तीत जास्त किती उचलतो ही पैज मात्र अजिबात नको. सांधा दुखत राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ती:
आभार! आज भिंतीवरचे जोर काढले. आठ झाले, नवव्याला नाक आपटलं. सासूबाई शेजारी बसून मोजत होत्या.