जुन्या मोटारहोममधील अंगभूत व्हॅक्यूम क्लीनर: दुरुस्त करून ठेवावा की काढून टाकावा?

होटगी रोड (प्रश्नकर्ता):

माझे थोरले बंधू गेली अनेक वर्षे ह्यूस्टनला असतात. त्यांच्याकडे १९८३ साली बनलेली वाँडरलॉज ही मोटारहोम, म्हणजे चाकांवरचे राहते घर आहे. पिवळ्या स्कूलबस बनवणाऱ्या जॉर्जियातील ब्लू बर्ड कंपनीने १९६३ पासून ही बांधणी सुरू केली. लोखंडी सांगाड्याच्या त्या बसमध्ये स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर असे सगळे बसवलेले आहे. दादांच्या गाडीत एक व्हॅक्यूम क्लीनरही कायमचा बसवलेला आहे. त्याची मोटार आणि कचऱ्याची पिशवी एका कपाटात असून भिंतीतल्या झाकणात लवचीक नळी खोचली की तो सुरू होतो, आणि मोटारीतून निघणारी हवा नळीने थेट गाडीबाहेर जाते.

मागच्या सहलीत त्याची ओढ कमी झाली, किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला आणि जळका वासही आला. दादा यंदा गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, सोलापूरला घरी आले, तेव्हा मोटार सुटी करून सामानातून सोबत घेऊन आले. सोलापुरात मागाच्या मोटारी बांधणारे इतके कारागीर आहेत की ही मोटारही येथेच दुरुस्त होईल, असा त्यांचा विश्वास आहे. वहिनींचे मत मात्र वेगळे आहे. हे सारे काढून एक बिनतारी, बॅटरीवर चालणारा व्हॅक्यूम घ्यावा आणि मोकळे झालेले कपाट वापरात आणावे, असे त्या म्हणतात. वहिनींना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे सफाईचा प्रश्न आमच्या घरात हौसेचा नाही. माझे मन दादांच्या बाजूला झुकते, परंतु जाणकारांचे ऐकल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे.

अशोक चौक (मोटार वाइंडिंगचा व्यवसाय):

काढू नका, असे मी स्पष्टपणे सांगतो. ही मोटार मागावरच्या मोटारीसारखी नसते. ती मिक्सरच्या जातीची, कार्बन (वीज पोहोचवणारे घासते तुकडे) आणि कॉम्युटेटर (ते ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता गोल) असलेली युनिव्हर्सल मोटार असते. ती एसीवर चालते तशी डीसीवरही चालते, म्हणून अमेरिकेतील ६० हर्ट्झ आणि आपल्याकडील ५० हर्ट्झ या फरकाने तिचे काही बिघडत नाही. व्होल्टेजचा फरक मात्र जीवघेणा आहे. ती १२० व्होल्टची मोटार आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये कोणी उत्साहाने लावली, तर दुरुस्तीचा प्रश्नच उरणार नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरा आणि तोही पुरेशा क्षमतेचा घ्या, कारण १४०० वॅटच्या मोटारीला हजार व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरत नाही.

आणखी एक सूचना आवर्जून करतो. पंखा काढून ही मोटार पूर्ण व्होल्टेजवर फिरवू नका. अशा सिरीज जातीच्या मोटारीवरचा भार गेला की तिचा वेग बेसुमार वाढतो आणि आर्मेचर, म्हणजे तिचा फिरणारा गाभा, फुटू शकते. मोटार माझ्याकडे आणलीत, तर मी प्रथम मेगर (इन्सुलेशन, म्हणजे तारांवरचे वीजरोधक आवरण तपासण्याचे यंत्र) लावीन, कार्बनची लांबी मोजीन आणि मगच वाइंडिंगबद्दल, म्हणजे तारांच्या वेटोळ्यांबद्दल बोलेन. जळका वास आला म्हणजे वाइंडिंगच जळले, असे होत नाही. बेअरिंग अडखळले किंवा कार्बन संपत आला, तरी ठिणग्या पडून तसाच वास येतो.

विजापूर रोड (अमेरिकेत नोकरी करून परतलेला):

वरील सद्गृहस्थांच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही, पण प्रश्न मोटार दुरुस्त होईल की नाही एवढाच नाही. ती दुरुस्त झाल्यावर वापरायला सोयीची आहे का, हे पाहिले पाहिजे. १४०० वॅटची मोटार १२० व्होल्टवर सुमारे १२ अँपियर घेते. मुक्कामाच्या ठिकाणी अनेकदा ३० अँपियरची जोडणी मिळते. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात छतावरचा एसी बंद करता येत नाही, आणि तोही १२ ते १५ अँपियर घेतो. त्यात पाणी तापवण्याचे यंत्र किंवा मायक्रोवेव्ह सुरू असला, की ब्रेकर पडलाच. जोडणी नसेल तेव्हा जनरेटर सुरू करावा लागतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरने चालवायचे म्हटले, तर तूट धरून सुमारे १३० अँपियर ओढले जातील. पाच मिनिटे गालिचा झाडण्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार? बिनतारी यंत्र एका छोट्या चार्जरवर तयार होते आणि हाताला लगेच सापडते. वहिनींना रोज सफाई करावी लागते, आणि ती करणाऱ्याचा शब्द येथे शेवटचा असावा.

जुनी मिल परिसर (सूतगिरणीच्या देखभाल खात्यातून निवृत्त):

दोन्ही बाजू मोटारीवर अडून बसल्या आहेत, असे मला वाटते. मी आयुष्याची ३१ वर्षे कापसाच्या धुळीत काढली आहेत. १८७७ साली जेथे सोलापूरची पहिली सूतगिरणी उभी राहिली, त्या जागेच्या आसपासच माझे बालपण गेले. धूळ ओढणे सोपे असते. ओढलेली धूळ पुन्हा माणसाच्या नाकात जाऊ न देणे कठीण असते, हे आम्ही रोज अनुभवले. मोठा तंतू पिशवीत अडकतो, पण बारीक धूळ पिशवीतून आरपार जाते. घरातल्या साध्या व्हॅक्यूमची हवा त्याच खोलीत परत येते. तुमच्या दादांच्या गाडीत ती बाहेर जाते. दम्याच्या माणसासाठी त्या बसमधील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती असेल, तर ती भिंतीतली नळी आणि बाहेर उघडणारे तोंड हीच.

मोटार हा झिजणारा भाग आहे. तिच्याबद्दल ममत्व बाळगण्याचे मला कारण दिसत नाही. अशा मोटारी ठरावीक मापांत येतात, ५.७ इंच व्यासाचे माप तर फारच प्रचलित आहे. पंख्यांचे टप्पे, उंची आणि व्होल्टेज जुळवून नवी मोटार अमेरिकेतच विकत घ्यावी आणि जुन्या डब्यात बसवावी. आर्मेचर नव्याने बांधण्याच्या मी विरोधात आहे, आणि त्याचे कारण हिशेबाने सांगतो. मागाची मोटार मिनिटाला १४४० फेऱ्या घेते, ही २०,००० च्या घरात फिरते. मध्यापासून २० मिलिमीटरवर एक ग्रॅम वजन जास्त राहिले, तर मागाच्या मोटारीत ते अर्ध्या न्यूटनपेक्षाही कमी जोराने ओढते. २०,००० फेऱ्यांवर तेच एक ग्रॅम सुमारे ८८ न्यूटनने, म्हणजे नऊ किलोचे वजन लटकावल्याइतक्या जोराने बेअरिंगला ओढते. नव्या वाइंडिंगची तार किंवा वार्निश एका बाजूला जास्त बसले, तर असा असमतोल राहतो.

अशोक चौक:

साहेबांचा हिशेब बरोबर आहे, पण आमच्या कामाबद्दलचा समज अपुरा आहे. मिक्सरचे आर्मेचरही १८ ते २० हजार फेऱ्या घेते, आणि या शहरात अशी आर्मेचरे रोज बांधली जातात. वाइंडिंग झाल्यावर आम्ही ती तोलून घेतो. न तोलता दिलेला मिक्सर टेबलावर नाचू लागतो, आणि दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक दारात उभे राहते.

जुनी मिल परिसर:

मिक्सर एका वेळी दोन मिनिटे चालतो आणि मग थंड होतो. हा व्हॅक्यूम वीस मिनिटे अखंड चालेल. दोन मिनिटांत न जाणवणारा असमतोल वीस मिनिटांत बेअरिंगची जागा सैल करतो. त्यातून भांड्यात चटणी असली की मिक्सरचा वेगही पूर्ण चढत नाही.

विजापूर रोड:

हवा बाहेर जाण्याचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. तरीही आज बंदिस्त बांधणीचे, हेपा गाळणी असलेले बिनतारी यंत्र मिळते. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणे, हा हेपाचा निकष आहे. त्यामुळे दम्याचे कारण एकट्या जुन्या व्यवस्थेच्या बाजूने उभे राहत नाही.

कुंभार वेस (दम्याच्या मुलाची आई):

विजापूर रोडच्या भाऊंना एक विचारावेसे वाटते. त्या यंत्राची धुळीची डबी रिकामी कोण करते? माझ्या घरी असे यंत्र आहे. गाळणी उत्तम आहे, पण डबी उघडून कचऱ्यात ओतताना जो धुरळा उडतो, त्याने माझ्या मुलाचा खोकला सुरू होतो, म्हणून मला ती गच्चीवर नेऊन रिकामी करावी लागते. पिशवीच्या यंत्रात तोंड बंद करून सगळी पिशवीच उचलून टाकता येते. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडी कशी तापते, ते आपण सगळे जाणतो. ह्यूस्टनही गरमच, आणि उभ्या बसमध्ये लिथियमची बॅटरी महिनोन्‌महिने तापत राहिली, तर तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. वहिनींनी कपाटाची जागा मागितली आहे, ती त्यांना जरूर मिळावी, पण या व्यवस्थेच्या बदल्यात नको.

होटगी रोड (प्रश्नकर्ता):

काल अशोक चौकातील दुकानात मोटार उघडली. आम्ही तीन तास तेथेच बसलो होतो. ५०० व्होल्टच्या मेगरवर इन्सुलेशन व्यवस्थित निघाले, वाइंडिंग कोठेही जळलेले नाही. एक कार्बन सात मिलिमीटर उरला आहे, दुसरा त्याहून आखूड आहे. कॉम्युटेटर काळवंडला आहे. वरचे ६०८ क्रमांकाचे बेअरिंग बोटाने फिरवले, तरी वाळू भरल्यासारखे खरखरते. म्हणजे ज्या वाइंडिंगवरून वाद झाला, त्याला हात लावण्याची गरजच नाही. दुकानदारांनीच सांगितले की ८ बाय २२ बाय ७ मिलिमीटरचे हे बेअरिंग येथे सहज मिळते, मात्र सामान्य प्रतीचे न घेता जास्त वेगासाठी असलेले घ्यावे. कॉम्युटेटर लेथवर हलकासा कातून, पट्ट्यांमधला अभ्रक खाली घेऊन ते देणार आहेत.

जुनी मिल परिसर:

वाइंडिंग शाबूत असेल, तर माझा आक्षेप मागे घेतो. कार्बनबाबत मात्र सावध राहा. मोठा कार्बन घासून मापात आणण्याची पद्धत आहे आणि ती चुकीची नाही, पण त्याची प्रत मूळ कार्बनशी जुळली पाहिजे. तो अधिक कडक निघाला, तर कॉम्युटेटर खाऊन टाकील. गोलाई बसवण्यासाठी बारीक सँडपेपर वापरा. एमरीचा कागद वापरू नका, त्याचे कण वीजवाहक असतात आणि पट्ट्यांच्या मधे रुततात.

दुसरे असे, की ओढ कमी झाल्याचा सारा दोष मोटारीवर टाकू नका. ४० वर्षांच्या नळीला आणि झाकणाच्या रबराला चिरा गेल्या नसतील, असे धरून चालता येणार नाही. दादा परत गेल्यावर मोटार बसवून, नळीच्या तोंडावर तळहात दाबून आवाज ऐकायला सांगा. हवा अडली की पंख्यावरचा भार कमी होतो आणि मोटारीचा सूर चढतो. तळहात दाबूनही सूर तसाच राहिला, तर वाटेत कोठेतरी हवा गळते आहे. नळी मोकळी असतानाच सूर चढलेला असेल, तर भिंतीतल्या नळीत कचरा अडकला आहे.

विजापूर रोड:

या दुरुस्तीला आता माझा विरोध नाही. तरी विजेचा प्रश्न कायम आहे. एसीसोबत पाणी तापवण्याचे यंत्र किंवा मायक्रोवेव्ह सुरू असताना हे चालणार नाही, हे दादांनी वहिनींना आधीच सांगावे. रोजच्या केरासाठी एखादे लहान हातयंत्र जवळ ठेवावे आणि गालिचा, गाद्या, पडदे यांची आठवड्याची सफाई भिंतीतल्या नळीने करावी. दोन्ही ठेवण्यात कोणाचाच पराभव नाही.

होटगी रोड (प्रश्नकर्ता):

वहिनींना हे सर्व वाचून दाखवले. हातयंत्र ठेवायला त्या तयार आहेत, मात्र धुळीची डबी गाडीबाहेर जाऊन दादांनीच रिकामी करायची, अशी त्यांची अट आहे. दादांनी ती मान्य केली. कपाटाच्या खालच्या अर्ध्या भागात फळी ठोकून वहिनींच्या चादरींसाठी जागा करायची आणि मोटार वरच्या अर्ध्यात ठेवायची, पण थंड होण्यासाठी तिच्याभोवती हवा खेळेल एवढे अंतर सोडायचे, असे ठरले आहे. ते अंतर किती असावे, हे अशोक चौकातील दुकानदारांना विचारून दादा उद्या फळीचे माप लिहून घेणार आहेत.