शब्दचर्चा : लीनता, नम्रता, दीनता… आणि लाचारी?

प्रश्न (जालना)
आमच्या चर्चच्या तरुण संघात ‘लीनता अंगी बाणवणे’ यावर मला बोलायचंय. बायबलात कुठे ‘लीन’, कुठे ‘नम्र’, डोंगरावरच्या प्रवचनात ‘आत्म्याने दीन’ आणि पुढे लगेच ‘सौम्य’. हे सगळं एकच का? घरी विषय काढला तर आजोबा उखडले. “आमचे बाप-आजे वेशीपासून वरच्या जातींना वाकून जोहार घालीत आले. आता पाळक पुन्हा वाक म्हणायलाय का?” त्यांना काय सांगावं?

संभाजीनगर
नम्र हा ‘नम्’ म्हणजे वाकणे यावरून. ही वागण्यातली गोष्ट. कापडदुकानदारही गिऱ्हाईकाशी नम्र असतो. लीन हा ‘ली’वरून : चिकटणे, विरून जाणे. तल्लीन, विलीन त्याच घरातले. दीन म्हणजे ज्याच्या पदरी काही नाही. ‘आत्म्याने दीन’ कोण, ते लूकच्या १८व्या अध्यायातला जकातदार दाखवतो : परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, आपले उपास आणि दशांश मोजतो, हा मात्र लांब उभा राहून ऊर बडवतो आणि दया मागतो. सौम्य म्हणजे अंगात जोर असून राग आवरलेला.

अंबाजोगाई
आपल्या बोलीत या सगळ्यांना मिळून एकच शब्द : ‘गरीब’. दहा एकर बागायत असली तरी “लई गरीब हाय बिचारं, वर मान करून बोलत नाही.” अशा ठिकाणी ‘दीन ते धन्य’ वाचलं की निम्मी सभा भलताच अर्थ घेणार.

पैठण
नाथांचं उदाहरण द्या की. अंगावर थुंकणाऱ्यावर न चिडता पुन्हा पुन्हा गोदावरीत आंघोळ केली.

जालना, दुसरे वाचक
ती कथा शांतीची, लीनतेची नव्हे. त्यापेक्षा गोदेच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं लेकरू नाथांनी कडेवर घेतलं, ती घ्या. तिथे वरच्या पायरीवरचा माणूस खाली उतरतो.

आजोबांचा मुद्दा मात्र खरा आहे, तो उडवून लावू नका. ग्रीक नव्या करारात ‘लीन’साठी जो ‘तापेइनोस’ शब्द आहे, तोही त्या काळच्या ग्रीक बोलण्यात बहुतेकदा हिणवण्याचाच होता : हलका, खालचा. ख्रिस्ती लोकांनी त्याचा सद्गुण केला तो येशूकडे बघून. योहानाच्या १३व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग नीट वाचा. सगळं आपल्या हाती दिलेलं आहे, आपण देवाकडून आलो आणि देवाकडे चाललो, हे येशूला पक्कं ठाऊक आहे, असं आधी सांगितलंय. मग तो जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो. आपल्याकडे रुमाल डोक्याला बांधतात, तो माणसाचा मान. खिशातल्या फडक्याला आपण दस्ती म्हणतो. त्यामुळे हे वाक्य आपल्या माणसाला जास्त लागतं.

जोहार घालणाऱ्याला दुसरा मार्ग नव्हता. त्याला लाचारी म्हणा, लीनता म्हणू नका. ताठ उभं राहायचा हक्क ज्याला आहे तोच लीन होऊ शकतो. आपल्या जालन्याजवळचं बेथेल ज्यांनी वसवलं ते रेव्ह. नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले, १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले. काम केलं मांगवाड्यात. उतरायचं होतं ते त्यांना. तिथल्या माणसांना उलट मान वर करायला शिकायचं होतं.

प्रश्नकर्ता
हे पटलं. पण मग ‘बाणवायची’ कशी? गुण काही सदऱ्यासारखा चढवता येत नाही.

संभाजीनगर
पेत्र जवळपास तेच म्हणतो! पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात नम्रता कमरेला बांधायला सांगितलीय. मूळ क्रियापद गाठ मारून बांधण्याचं आहे, कामाला लागताना बांधतात तसं. म्हणजे आधी काम, भावना मागून. सभा संपल्यावर सतरंज्या कोण गोळा करतं ते बघा. “मी पामर” म्हणत अर्धा तास साक्ष देणारे त्यात सहसा नसतात.

जालना, दुसरे वाचक
संत बेनेडिक्टच्या मठ-नियमावलीतलं सातवं प्रकरण मिळालं तर पाहा. सहाव्या शतकातलं आहे, लीनतेच्या १२ पायऱ्या सांगितल्यात. पहिली देवाचं भय, आणि मान खाली, नजर जमिनीकडे ही अगदी शेवटची. आपण नेमकी तिथून सुरुवात करतो. सातवी पायरी म्हणजे स्वतःला सगळ्यांहून हलकं नुसतं म्हणायचं नाही, मनापासून मानायचं. ती घेणार असाल तर आधी समोर कोण बसलंय ते बघून घ्या. ती मठात स्वखुशीने गेलेल्यांसाठी लिहिलीय.