नातवंडं परदेशी शिकायला गेली तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

मुलं शिकायला किंवा नोकरीसाठी घराबाहेर पडली तेव्हा आपण कामात बुडालेले होतो. ऑफिस, घराचे हप्ते, सासूबाईंचं पथ्यपाणी. त्यांच्या जाण्याचं वाईट वाटून घ्यायलाही सवड नव्हती. नातवंडं जातात तेव्हा आपल्याकडे सवडच सवड असते, आणि मग ते जाणं फार बारकाईनं दिसतं. आई-वडिलांची घालमेल सगळे विचारतात. आजी-आजोबांना मात्र "तुम्ही काय, आशीर्वाद द्या" म्हणून मोकळे होतात. म्हणून हा धागा. ज्यांची नातवंडं परदेशात शिकताहेत, शिकून आलीत किंवा निघायच्या तयारीत आहेत, त्यांनी लिहावं. नातवंडांनीही जरूर लिहावं.

आजी, सांगली

सुरुवात मीच करते. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून माझी नोकरी झाली. ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून विचारायचं, वेळ वाढवायची का? लोक तेवढ्यात पाऊस, पेरणी, बाळंतपण सगळं बसवायचे. आता नात जर्मनीत आखेनला मेकॅनिकलचं मास्टर्स करते. व्हिडिओवर पाहिजे तितका वेळ समोर असते, तरी मन भरेल असं बोलणं त्यातली दोन-तीन मिनिटंच होतं. बाकी वेळ ती कांदा चिरत असते आणि मी बघत असते. मला तेही हवं असतं.

तिचे आई-बाबा दोघं नोकरीवाले, त्यामुळे शाळेतून ती माझ्याकडे यायची. दहावीपर्यंत वेणी माझ्या हातची लागायची. त्याच मुलीनं जर्मनीची सगळी कागदपत्रं एकटीनं केली. इथली पदवी खरी आहे हे तपासून देणारं एपीएसचं प्रमाणपत्र काय, व्हिसाची फाइल काय. तिथल्या सरकारी विद्यापीठाला फी जवळजवळ नाही, पण वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरायचे, आणि तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ हातात येणार. हे तिनं दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला आकडे मांडून मला समजावलं. ती समजावत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडेच बघत होते. ही कधी एवढी मोठी झाली?

बॅग भरताना तुपातले लाडू तिनं बाहेर काढले. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत म्हणे. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला गेला. तिथे रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी आठवड्याचं सामान भरून ठेवते. मार्चअखेर त्यांची घड्याळं पुढे सरकली की आपल्यात साडेतीन तासांचं अंतर, ऑक्टोबरअखेर परत साडेचार. माझी संध्याकाळची पोथी त्या हिशेबानं मागेपुढे होते.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ते काम कायम ती करायची. यंदा मोबाइलवर चेहरा दाखवून मी स्वतः केलं. तिला काही विचारलं नाही, झाल्यावर नुसती पावती पाठवली. तिनं ती आईला पाठवली, बाबाला पाठवली, तिथल्या मैत्रिणींनाही दाखवली. मला फार बरं वाटलं.

आजोबा, निफाड

आमची द्राक्षबाग. नातू हॉलंडमध्ये वाखनिंगनला प्लांट सायन्सेस शिकतो. तो का गेला हे सांगायला २०१० पासून सुरुवात करावी लागेल. त्या वर्षी युरोपात आपल्या मालात क्लोरमेक्वाटचा अंश निघाला. वेलीची वाढ रोखायला फवारतात ते औषध, आपण ज्याला लिहोसीन म्हणतो तेच. कंटेनर अडकले, भाव कोसळले, निर्यात करणारे कितीतरी शेतकरी त्या एका हंगामात खचले. नातू तेव्हा लहान होता, पण घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं हे त्याला आठवतं. पुढे कृषी पदवीला गेला तेव्हाच म्हणाला, आजोबा, ती माणसं आपला माल कसा तपासतात ते तिथेच जाऊन शिकतो.

आता तो तिथून विचारतो, गोडी छाटणी कधी धरली? घड किती ठेवले? पाऊस झाला का, पानांवर डावणीची बुरशी दिसते का? मी पान पलटून फोटो पाठवतो. पूर्वी मी सांगायचो आणि तो ऐकायचा. आता तो सांगतो आणि मी बागेत करून बघतो. काही पटतं, काही नाही पटत. या मातीत मी पन्नास वर्षं काढली आहेत, पुस्तकाला ती सगळी माहीत नसते, असं मी त्याला सरळ सांगतो. तो रागावत नाही, वहीत लिहून घेतो.

आपली द्राक्षं न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जातात. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांपासून बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, तेव्हा काळजी वाटायची की माल टिकेल का. मार्चमध्ये त्यानं तिथल्या दुकानातून फोटो पाठवला. अर्ध्या किलोचा डबा, त्यावर भारत लिहिलेलं. आमच्याच बागेतला असेल असं नाही. पण त्यानं घड हातात धरून देठाचा हिरवेपणा आधी बघितला, मणी नंतर. ते बघणं माझं आहे. ते मी त्याला बांधावर शिकवलं.

आजोबा, नागपूर

जय भीम. १४ ऑक्टोबर १९५६ ला मी वडिलांचं बोट धरून दीक्षाभूमीवर होतो. नऊ वर्षांचा. बाबासाहेब लांबून दिसले, म्हणजे पांढरे कपडे दिसले. वडील गिरणीत होते. त्यांना सही यायची, वाचता येत नव्हतं. मी मॅट्रिक होऊन रेल्वेत लागलो. मुलगा प्राध्यापक झाला. आणि नात लंडनला कायद्याचं मास्टर्स करते आहे, राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहितो. ही शिष्यवृत्ती समाजकल्याण आयुक्तालयाकडून अनुसूचित जातीच्या मुलांना मिळते. फी, राहण्याचा खर्च, विमानाचं तिकीट त्यात येतं. जागा मोजक्या, आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचं लागतं. आपल्या वस्तीतल्या हुशार मुलांना हे वेळेत कळत नाही, जाहिरात निघून जाते. ज्यांना कळलं त्यांनी चार घरी जाऊन सांगावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपली म्हणून १९१७ ला लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं. पुन्हा पैसे जमवून १९२० ला गेले, तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली. त्याच महाराजांच्या नावाच्या पैशावर माझी नात शिकते, हे मी वडिलांच्या फोटोसमोर मोठ्यानं सांगितलं.

विमानतळावर मी रडलो नाही. रडलो तो नंतर एका रविवारी. तिनं व्हिडिओ लावला आणि म्हणाली, आजोबा, बघा मी कुठे उभी आहे. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब जिथे राहिले ते घर. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. तिनं दारावरची निळी पाटी दाखवली, मग आत नेलं. फोन फिरवत जिना, खोली, पुस्तकं दाखवत गेली. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. बायको म्हणाली, बसा, फोनवर आहे ती. मला बसवेना.

ती पार्टटाइम काम करते, स्वतःचं स्वतः रांधते, आजारी पडली तर मैत्रीण औषध आणते. काळजी वाटतेच. पण ती एकटी पडली असं मला कधी वाटलं नाही.

आजी, मूळ डोंबिवली, सध्या मुलाकडे न्यू जर्सीत

आमचा नातू इथेच जन्मला, त्यामुळे परदेश म्हणजे त्याचं घरच. तरी अठराव्या वर्षी ऑगस्टमध्ये तो कॉलेजच्या वसतिगृहात राहायला गेला तेव्हा घर सुनं झालं. सून गाडीत बसून रडली. इथे कॉलेज मुलाच्या संमतीशिवाय सहसा आई-बापांना त्याचे मार्कसुद्धा कळवत नाही, हे ऐकून मी थक्क झाले. पण त्यानं स्वतःहून मला पहिल्या परीक्षेचे मार्क सांगितले, आईच्या आधी. सुनेला मी अजून बोलले नाही.

आजोबा, फोंडा

गोवा मुक्त झाला तेव्हा मी पंधरा वर्षांचा. शिक्षण पोर्तुगीजमधून झालं होतं, घरी कोंकणी, वाचन मराठी. मुक्तीनंतर पोर्तुगीज बोलायला कोण उरलं नाही आणि मलाही तिचं प्रेम नव्हतं. नातीला पोर्तुगालच्या कोइंब्रा विद्यापीठात इतिहासासाठी प्रवेश मिळाला तेव्हा तिनं विचारलं, आबा, शिकवाल? वर्षभर रोज जेवणानंतर बसलो. साठ वर्षांत न उच्चारलेली क्रियापदं जिभेवर येत गेली, माझं मलाच नवल वाटलं.

ते विद्यापीठ १२९० सालचं. जुन्या ग्रंथालयात वटवाघळं आहेत, पुस्तकं खाणारे किडे ती टिपतात, आणि त्यांची घाण पडू नये म्हणून रात्री मेजांवर कातडं पसरतात, असं तिनं लिहिलंय. ती गोव्याची जुनी कागदपत्रं वाचते. अक्षर लागलं नाही तर मला फोटो पाठवते. बहुतेक ओळी ती आता माझ्याआधी लावते.

आजी, सोलापूर

सगळे छान छान लिहिताय म्हणून मी लिहू की नको असं झालं. नातवाच्या अमेरिकेच्या शिक्षणासाठी आमचं राहतं घर बँकेला तारण आहे. ते घर ह्यांनी गिरणीच्या पगारातून एकेक खोली वाढवत बांधलं. शिक्षण संपल्यावर त्याला तिथे वर्षभर काम करता येईल, विज्ञानाचा विषय म्हणून वर दोन वर्षं मिळतील, पण पुढचं कुणी सांगत नाही. आधी नोकरी लागायला हवी. रात्री मला हेच दिसतं. आणि घरात मी तोंड उघडलं तर म्हणतात, शुभ बोल. मला त्याचं भलंच हवंय. पण काळजी बोलून दाखवली की ती अशुभ कशी होते? आम्हाला घरातले आकडे तरी सांगा, आम्ही हिशेब केलेली माणसं आहोत.

आजी, सांगली

सोलापूरच्या ताई, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. मला माझ्या नातीनं आकडे मांडून दाखवले म्हणून झोप लागते, हे तुमचं वाचताना जाणवलं. नातवालाच थेट विचारा. हप्ता कधीपासून, किती, नोकरीला उशीर झाला तर काय. घरच्यांपेक्षा तो नीट सांगेल.

नात, मेलबर्न (घर चिपळूण)

सोलापूरच्या आजींना आणि सगळ्यांनाच नातवंडांच्या बाजूनं सांगायचंय. विचारा. आम्हाला राग येत नाही. मला आजीनं विचारलं होतं, तुझा पगार किती, भाडं किती? इथे विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना दोन आठवड्यांत ४८ तासच काम करता येतं, त्यात भाडं आणि किराणा भागतो, फी नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. त्यावर ती म्हणाली, मग सणाला मला साडी पाठवू नकोस. आणि विषय संपला.

मला त्रास होतो तो लपवण्याचा. गेल्या पावसाळ्यात आजी मागच्या दारी घसरून पडली, मनगटाला प्लास्टर. तिनं सगळ्यांना बजावलं, पोरीची परीक्षा आहे, सांगायचं नाही. फोनवर फक्त चेहरा दाखवायची. मला शेजारच्या काकूंच्या बोलण्यातून कळलं. मी इतकी रडले, मग भांडले. मी म्हटलं, आजी, मी इथे एकटी घर चालवते, तापात कामावर जाते, आणि तुझं मनगट मला झेपणार नाही असं तुला वाटतं?

तेव्हापासून आमचं ठरलंय. तिनं तिचं खरं सांगायचं, मी माझं. ती आता रक्तदाबाचे आकडे पाठवते, वाईट असले तरी. मीही एका विषयात नापास झाले ते आई-बाबांच्या आधी तिला सांगितलं. ती म्हणाली, परत बस परीक्षेला, फी किती पडेल ते बघ आणि बाबाला आजच सांग, उद्यावर टाकू नकोस. तुमच्या घरी असं काही ठरलं आहे का? नसेल तर पुढच्या फोनवर काढा विषय. नातवंडं हो म्हणतील.