दंडापेक्षा मोठा फटका
कॅलिफोर्नियात गाडीचा विमा नसला तर पहिल्या वेळी शंभर-दोनशे डॉलर दंड, एवढंच, असं म्हटलं जातं. मूळ दंड तेवढाच, पण त्यावरचे अधिभार धरले की रक्कम कितीतरी वाढते. आणि खरी मेख वेगळीच आहे. १९९६ च्या प्रपोझिशन २१३ नुसार (मतदारांनी मतदानातून मंजूर केलेला कायदा) विमा नसलेल्या चालकाला, चूक पूर्णपणे समोरच्याची असली तरी, वेदना-मनस्तापाची भरपाई मागता येत नाही. दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार, गाडीचं नुकसान, एवढंच मागता येतं. समोरचा दारू पिऊन चालवल्याबद्दल दोषी ठरला तर मात्र अपवाद.

नव्याने आलेल्यांनी हेही बघा, १ जानेवारी २०२५ पासून सक्तीच्या विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी असलेली किमान मर्यादा ५ हजारांवरून १५ हजार डॉलर झालीये. आजच्या गाड्यांच्या किमती बघता तीही अपुरीच, जमेल तेवढं जास्त कव्हर घ्या.